चिमट्याने उचललेला डबा

सरांनी माझा डबा चिमट्याने उचलला.

लांब दांड्याचा चिमटा. भट्टीतून तापलेल्या काचा बाहेर काढायला आम्ही तो वापरायचो. माझ्या डब्याच्या पिशवीचा बंद त्यात अडकवून सरांनी ती अंगापासून लांब धरली आणि जेवणाच्या खोलीतून थेट दाराबाहेर नेली. बाहेर चपलांचं कपाट होतं. त्याच्या शेजारी फरशीवर पिशवी ठेवली. सगळे बघत होते. कोणी हसलं नाही. सगळ्यांचे चेहरे गंभीर, जणू काही शास्त्रीय काम चाललंय.

"आजपासून हे इथे," सर म्हणाले. "तुमच्या घरच्या खाण्याला मी नावं ठेवत नाही हं. पण आपल्या तारा तुटतायत. लॅब आणि ही खोली, एसीची हवा एकच आहे. समजतंय ना?"

"हो सर," मी म्हणाले. "सॉरी सर."

ते वळले. मी त्यांच्या पाठीला म्हणाले, "थँक्यू सर."

आमचे लॅब अटेंडंट सावंतकाका पुढे आले. त्यांनी तो चिमटा साबणाने धुतला, पुसला आणि दाराशेजारच्या खिळ्याला टांगला. चिमट्याचा स्पर्श फक्त पिशवीच्या बंदाला झाला होता. कापडी बंद. आदल्या रविवारीच मामीने ती पिशवी धुतली होती.

त्या दिवशी डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी होती.

थँक्यू कशासाठी म्हणाले, हे मला आता विचारलं तर सांगता येतं. तेव्हा ते तोंडातून आपोआप यायचं. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजार समितीत हमाल. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आमच्या घरात शिकवण एकच होती : कोणी काही केलं आपल्यासाठी की हात जोडायचे. बाईंनी जुनी पुस्तकं दिली, हात जोडायचे. वसतिगृहाच्या रेक्टरनी उशिरा आल्यावर आत घेतलं, हात जोडायचे. कॉलेजात कारकुनाने माझाच हक्काचा कागद माझ्या हातात दिला, तरी हात जोडायचे. एमएस्सी केमिस्ट्री झाले. घाटकोपरला मामाकडे राहायला आले. अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या गाळ्यांमागे एका खाजगी संस्थेची प्रयोगशाळा आहे. तिथे सरांनी मला प्रोजेक्टवर घेतलं. पुढे त्यांच्याच हाताखाली पीएचडीची नोंदणी करून देतो म्हणाले. माझं सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं. म्हणून थँक्यू.

आमचं काम तारा करण्याचं. तारा म्हणजे विजेच्या खांबावरच्या नव्हेत. केसापेक्षा कितीतरी बारीक. नुसत्या डोळ्याला दिसतच नाहीत.

त्या ओढून काढत नाहीत, साच्यातून काढतात. सोन्याचे थोडेसे अणू एकत्र येऊन त्यांचा पुंजका होतो. त्याच्याभोवती सेंद्रिय रेणूंचं आवरण असतं, म्हणून पुंजके एकमेकांना चिकटत नाहीत, द्रवात विरघळतात. त्या द्रवाला सोन्याची झळाळी नसते. काळपट तपकिरी, कोऱ्या चहासारखा. मग आम्ही एक मऊ शिक्का करायचो. पारदर्शक, रबरासारखा, बोटाने दाबला तर दबणारा. त्याच्या खालच्या अंगाला बारीक खाचा. तो काचेवर टेकवायचा, की खाचांचे बोगदे होतात. बोगद्यांच्या तोंडाशी द्रवाचा एक थेंब ठेवायचा. थेंब आपसूक आत चढतो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. मग तापवायचं. आवरण जळून उडून जातं, पुंजके एकमेकांत मिसळतात, आणि सोन्याची सलग तार होते. शेवटी शिक्का हळूच सोलून काढायचा. तारेच्या दोन टोकांना सुया लावायच्या. वीज वाहिली तर तार झाली. नाही वाहिली तर नुसता डाग.

हे मी अण्णांना फोनवर एकदा सांगितलं होतं. त्यांनी अख्ख्या बाजारात सांगितलं, "माही लेक मुंबईत सोन्याची तार काढते."

पावसाळाभर माझ्या तारा छान निघत होत्या. सर पाहुण्यांना सांगायचे, "डोकं आमचं, पण हात हिचे. या लोकांच्या हातात उपजतच कसब असतं." मी खाली बघून हसायचे. ते कौतुक आहे असं मला वाटायचं.

मग खंडेनवमी आली.

आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची. सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार, भट्टीला हळदकुंकू, व्हॅक्यूम पंपासमोर नारळ. सरांच्या पत्नी यायच्या. पूजेचं ताट सगळ्यांच्या हातून फिरलं. सर्वांत पुढे सर, मग माझी सीनियर ऋता, मग बाकीचे. माझ्याजवळ आलं तेव्हा सरांच्या पत्नी म्हणाल्या, "तुम्ही नाही ना करत हे? मग राहू दे. तू फोटो काढ." खरंच मी करत नाही. आम्ही बौद्ध. मला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. मी फोटो काढले. लॅबच्या त्या वर्षीच्या फोटोत सगळे आहेत, मी नाही.

पूजा आटोपल्यावर उरलेलं सामान एका प्लॅस्टिकच्या डब्यात भरलं आणि सावंतकाकांनी विचारलं, "सर, ह्या खंय ठेवू?" सर म्हणाले, "चांगल्या जागी ठेवा. पायाखाली येईल असं नको." लॅबमध्ये सर्वांत स्वच्छ, घट्ट बंद होणाऱ्या दाराचं कपाट एकच होतं. माझ्या शिक्क्यांचं. तिथे वरच्या खणात तो डबा गेला.

त्यानंतर तारा तुटायला लागल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की तार दिसायची, पण मध्येमध्ये खंड. मधेच एक गोल मोकळी जागा, जणू कोणी तारेचा घास घेतलाय. सुया लावल्या की शून्य. मी द्रव बदलला. काचा पुन्हा पुन्हा धुतल्या. भट्टीची आच कमी करून बघितली, वाढवून बघितली. तेच. सरांचा आवाज चढायला लागला. प्रोजेक्टला पैसे देणारे लोक बघायला येणार होते.

एका सकाळी ऋता नाक मुरडून म्हणाली, "यार, मला कसला तरी वास येतोय इथे. तुम्हाला नाही येत?" ऋता पार्ल्याची. वाईट मुलगी नव्हती. मला तिचे जुने कुर्ते द्यायची, आणि कोणाकोणासमोर दिले ते लक्षात ठेवायची. "काहीतरी उग्र. सडल्यासारखं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. ऋताने बघितलं. मग सगळ्यांनी.

आणि दुपारी चिमटा आला.

मी बाहेर बसून जेवायला लागले. जिन्याच्या वरच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी. आत टेबलावर बाकीचे. दार काचेचं होतं. त्यांना मी दिसायचे, मला ते. खालून गाळ्यांतल्या लेथचा आवाज यायचा. येणारे जाणारे कुरियरवाले मला ओलांडून जायचे आणि विचारायचे, "मौसी, मॅडम अंदर है क्या?"

घरी मी मामीला सांगितलं. सांगणार नव्हते, पण ती डबा घासताना म्हणाली, "सुकट तशीच का आणली गं परत?" मामी घाटकोपरच्या एका शाळेत खिचडी शिजवते. तोंडाने तिखट.

सगळं ऐकून ती म्हणाली, "आणि तू काय म्हणालीस?"

"थँक्यू."

तिने हातातली घासणी मोरीत आपटली. "बरं झालं. पाया पण पडायचं होतंस." मग जरा वेळाने म्हणाली, "अगं, एवढी शिकलीस ना तू? तार तुटते ती तुझ्या डब्याने तुटते कशावरून? कोणी बघितलं?"

मी तिच्यावर चिडले. म्हणाले, "तुला नाही कळणार, ते विज्ञान आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून सुकट बंद केली. बोंबील बंद, अंडं बंद, लसणाची चटणीसुद्धा बंद. दहीभात नेला. मटकीची उसळ नेली. म्हटलं आता वास नाही, आता आत बोलावतील.

तारा तुटतच राहिल्या. आणि मी दहीभात घेऊन पायरीवरच.

मग एका शुक्रवारी सरांचा जुना मित्र आला. मालवणी हॉटेलातून पार्सल घेऊन. सर अस्सल मासेखाऊ. पापलेटवर बोलायला लागले की थांबायचे नाहीत. सगळ्यांना टेबलावर बोलावलं. तळलेली सुरमई, कोळंबीचं तिखलं, सोलकढी. रश्श्याचा वास दारातून, एसीतून, सगळीकडून. लॅबमध्ये भट्टीपाशी उभं राहिलं तरी कोळंबी. सावंतकाका कधी नव्हे ते फुलले होते. "सर, आमच्या वेंगुर्ल्याक ह्याच्यात त्रिफळां घालतत!" सर म्हणाले, "झकास! काका, तुमचं आमचं जमतं ते इथेच." हशा.

काचेच्या दाराबाहेर मी. सरांची नजर माझ्याकडे गेली. ते मोकळेपणाने म्हणाले, "अगं, ये ना आत! प्लेट घे. आज चालेल."

आज चालेल.

मी आत गेले नाही. "पोट भरलंय सर," म्हणाले. पण ते दोन शब्द माझ्या घशात काट्यासारखे बसले. आज चालेल म्हणजे एसीची हवा आज वेगळी आहे? सुरमई चालते, सुकट चालत नाही. समुद्रातून निघून सरांच्या ताटात गेली की ती मासळी. आठवडी बाजारात गोणपाटावर वाळून आमच्या घरी आली की तो वास. त्या दुपारी सरांना कोणी चिमटा दिला नाही. ऋताच्या नाकाला काही झालं नाही.

तेव्हा मामीचा प्रश्न मला पहिल्यांदा ऐकू आला. कशावरून? कोणी बघितलं?

कोणीच बघितलं नव्हतं. मीही नाही. मी केमिस्ट्रीत एमएस्सी झालेली बाई, आणि माझ्यावरचा आरोप मी न तपासता मान्य केला होता. दुसऱ्या कोणत्याही गोष्टीवर मी असा विश्वास ठेवला नसता. माझ्याबद्दलचं वाईट मात्र मला लगेच पटलं.

मी लॅबमध्ये गेले. शिक्क्यांच्या कपाटाचं दार उघडलं आणि तोंड आत घातलं.

कापूर.

इतके दिवस मी ते दार उघडत होते. पण नाकाला वास सवयीचा झालेला, आणि तो देवाचा वास. त्याला कोणी वास म्हणतच नाही. वरच्या खणात पूजेचा डबा. झाकण नीट बसलेलं नव्हतं. आत कापराच्या वड्या, झिजून निम्म्या झालेल्या. कापूर नुसता ठेवला तरी उडतो, हे शाळेत शिकवतात. तो उडून जाणार कुठे? बंद कपाट. आणि खाली माझे शिक्के. ते रबर असल्या वाफा शोषून घेतं. मी एक शिक्का उचलून हुंगला. पूजेच्या ताटासारखा वास.

म्हणजे शिक्का तापवला की आत मुरलेला कापूर बाहेर यायचा, खाचेत बुडबुडा व्हायचा, आणि बुडबुड्याजवळ तार तुटायची. ते गोल घास.

पण हाही अंदाजच होता. मला अंदाज नको होता. मी एकाच साच्यातून एक नवा शिक्का ओतला आणि मधोमध कापून दोन केले. एक कपाटात ठेवला, पूजेच्या डब्याखाली. दुसरा कुठे ठेवायचा? मी मुद्दाम निवडलं. माझा स्टीलचा डबा घासून, कोरडा करून, त्यात ठेवला आणि तो डबा ठेवला बाहेर. चपलांच्या कपाटाशेजारी. सरांनी ठरवून दिलेल्या जागी.

सोमवारी दोन्ही शिक्क्यांनी तारा केल्या. तोच द्रव, तीच भट्टी, तेच हात. कपाटातल्या शिक्क्याची तार तुटलेली. डब्यातल्या शिक्क्याची सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुया लावल्या. वीज वाहिली.

मी सरांना बोलावलं. दोन्ही तारा दाखवल्या. दोन्ही शिक्के कुठे ठेवले होते ते सांगितलं. पुन्हा करून दाखवू का, विचारलं. ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून डोळा काढेनात. मग सावंतकाकांना हाक मारली. "काका, तो पूजेचा डबा माझ्या केबिनमध्ये ठेवा."

काका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "माका काय म्हायत गो बाय? चांगल्या जागी ठेव म्हणाले, थंय ठेवलंय." त्यांचा काही दोष नव्हता. मी तसं म्हणाले.

सर मला म्हणाले, "गुड. निरीक्षण चांगलं आहे. पेपरमध्ये 'साठवणीतली अशुद्धी' असं लिहू. कापूरबिपूर नको. उगाच लोक वेगळा अर्थ काढतात."

मी वाट बघितली. अजून काही बोलतील. डब्याबद्दल. ते उठायला लागले.

"सर," मी म्हणाले, "मग मी डबा आत आणू ना आता?"

त्यांना खरंच प्रश्न कळला नाही. मग कळला. ते हसले, चांगल्या माणसाने हसावं तसे.

"ते राहू दे गं. तुला आता सवय झालीये ना? बाकीच्यांनाही बरं पडतं."

कारण गेलं होतं. नियम होता तिथेच होता. म्हणजे ते कारण नव्हतंच. तारा तुटल्या नसत्या तरी माझा डबा एक ना एक दिवस बाहेर गेला असता. कशाने तरी गेला असता. त्यांना फक्त निमित्त हवं होतं, आणि ते त्यांनी माझ्याच तोंडून वदवून घेतलं होतं. सॉरी सर. थँक्यू सर.

त्या संध्याकाळी मी मामीला म्हणाले, "उद्या सुकट कर."

"भाजून की कांद्यात?"

"कांद्यात. लसूण जास्त घाल."

ती रात्रीच परातीत सुकट निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पायरीवर बसले नाही. काचेचं दार ढकलून आत गेले. खुर्ची ओढली. टेबलाच्या मधोमध डबा ठेवला आणि उघडला.

ऋता म्हणाली, "अगं... सर म्हणाले होते ना बाहेर?"

"म्हणाले होते."

"मग कशाला उगाच? तुझंच नुकसान होईल बघ. नोंदणी व्हायचीये तुझी."

मी भाकरीचा तुकडा मोडला. तिने आपला डबा बंद केला आणि उठून गेली. दोघंजण तिच्यामागून गेले. सावंतकाका बसून राहिले. डोळे आपल्या ताटात. माझ्याशी बोलले नाहीत, पण उठलेही नाहीत. त्याहून जास्त त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही.

सर आले. दारातच थांबले.

"हे काय आहे?"

"जेवण, सर."

"उचल ते."

"नाही उचलणार."

मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला नाही म्हणत होते. मी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले.

"तुला काय वाटतं, एक तार जोडलीस म्हणजे मोठी झालीस?" आता त्यांचा आवाज चांगल्या माणसाचा नव्हता. "मी घेतलं म्हणून तू इथे आहेस. तुझ्यासारख्या शंभर अर्ज करतात. नोंदणीचं लक्षात आहे ना?"

"आहे सर."

"मग?"

"चिमटा तिथे टांगलाय," मी म्हणाले. "डबा बाहेर न्यायचा असेल तर तुम्ही न्या. पण आज कारण सांगून न्या. तारांचं कारण संपलंय. आता जे खरं आहे ते सगळ्यांसमोर बोला आणि मग उचला."

त्यांनी चिमट्याकडे बघितलं. मी बघितलं त्यांनी बघितलेलं. एवढं शिकलेल्या माणसाच्या तोंडात एक शब्द आला आणि त्यांनी तो गिळला. मला तो शब्द माहीत आहे. गावाला तो न गिळता बोलायचे.

ते निघून गेले. मी डबा संपवला. चव लागली नाही. तरी संपवला.

नोंदणी झाली नाही. सरांनी कळवलं, विषय जुळत नाही. पेपर छापायला गेला, त्यात माझं नाव शेवटच्या आभाराच्या ओळीत, 'तांत्रिक मदत' म्हणून. मी संस्थेकडे तक्रार केली आहे. चिमट्यासकट, सुरमईसकट, कापरासकट. तिथल्या बाई म्हणाल्या, "एवढं ताणू नका, करिअर आहे तुमचं." मी म्हणाले, तेवढ्यासाठीच ताणतेय. दुसऱ्या मार्गदर्शकांकडे अर्ज करते आहे. मुलाखतीत विचारतात, तिथे का नाही झालं? मी सांगते. आवाज न उतरवता, सगळं सांगते. एक-दोघांचे चेहरे तिथेच बंद होतात. होऊ देत. कोणाच्या हाताखाली राहायचं नाही, ते मला फुकटात कळतं.

अण्णांनी फोनवर विचारलं, "सरायचे उपकार इसरली का तू?"

मी म्हणाले, "अण्णा, मी काम केलं. त्यांनी पगार दिला. उपकार कोणता ते सांगा."

माझा करार संपेपर्यंत मी त्याच लॅबमध्ये जाते. तारा करते. एकही तुटू देत नाही, कारण ते माझं काम आहे. दुपारी काचेचं दार ढकलून आत जाते आणि त्याच टेबलावर, मधोमध, डबा उघडते. बुधवारी सुकट असते.

ज्याला वास येतो त्याने उठावं. मी उठणार नाही.